नोटीस आलेल्या डॉक्टरला सोबत कोणाची?

निष्काळजीपणाची तक्रार झालेले डॉक्टर, त्यांच्या घरची माणसं आणि सहकारी यांनी सीमाभागातून विचारलेले काही प्रश्न. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

खानापूर तालुक्यात माझं लहान प्रसूतिगृह आहे. बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाची नोटीस आलीय. वकील म्हणतात, कुणाशी बोलू नका. घरीही सांगितलेलं नाही. झोप उडालीय.

मॅडम, आज घरी सांगा. वकिलांचं म्हणणं बरोबर आहे, पण ते केसपुरतं. तुमच्या मनाबद्दल बोलायला कुणाचीच मनाई नाही.

वकिलाशी झालेल्या बोलण्याला साक्ष्य कायद्याचं संरक्षण आहे. सहकारी डॉक्टरशी झालेल्या बोलण्याला ते नाही. उद्या त्यांना साक्षीला बोलावलं जाऊ शकतं. म्हणून रक्तस्राव किती वाजता सुरू झाला, कोणतं इंजेक्शन कधी दिलं, रेफर करायला उशीर झाला का, हे फक्त वकिलांना सांगा. थिएटरमध्ये शिरताना हात थरथरतात, दवाखाना बंद करावासा वाटतो, त्या पेशंटच्या घराच्या रस्त्यानं जाववत नाही, हे मात्र एका विश्वासाच्या डॉक्टरला मोकळेपणानं सांगा. समोरासमोर. व्हॉट्सअॅपवर काही लिहू नका, डॉक्टरांच्या ग्रुपवर तर मुळीच नको.

ती व्यक्ती शक्यतो गावाबाहेरची असावी. बेळगाव-धारवाडला असलेली बॅचमेट चालेल. त्याच पेशंटला तपासलेली डॉक्टर नको. स्वतः अशा खटल्यातून गेलेलं कुणी मिळालं तर फारच उत्तम, कारण तिथं लाज वाटत नाही.

त्या मैत्रिणीचं पहिलं काम म्हणजे नोटीस उघडायला लावून तुम्हाला वकिलांच्या दारापर्यंत नेणं; आत केसचं बोलणं मात्र तुम्ही एकटीनंच करा. भीतीपोटी पाकीट कपाटात राहतं आणि दिवस सरतात. नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी म्हणणं द्यावं लागतं. आयोग फार तर आणखी १५ दिवस देऊ शकतो; त्यापुढे मुभा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०२० मध्ये ठरवलं आहे. इन्डेम्निटी विमा (निष्काळजीपणाच्या दाव्यातली भरपाई देणारा) असेल तर कंपनीलाही लगेच कळवा.

झोपेची गोळी स्वतःच्या कपाटातून काढून घेऊ नका. आपल्या व्यवसायात ही सवय फार लवकर लागते. मानसोपचारतज्ज्ञाकडे पेशंट म्हणून जा. जगणं नकोसं वाटायला लागलं तर त्याच दिवशी जा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा.

माझे मिस्टर निपाणीत सर्जन आहेत. तक्रार झाल्यापासून अवघड पेशंट सरळ कोल्हापूरला नाहीतर बेळगावला पाठवतात. रात्री विचारतात, पोलीस येतील का?

ताई, ग्राहक आयोगापुढची तक्रार भरपाईसाठी असते. पोलीस केस वेगळी. तिथंही, फौजदारी खटल्याला निष्काळजीपणा अतिशय गंभीर असावा लागतो, पोलिसांनी आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं आणि नुसती तक्रार आली म्हणून डॉक्टरला अटक करू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं २००५ च्या जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितलं आहे. हा निकाल त्यांना माहीत असेलच. तरी रात्री दोन वाजता तो आठवत नाही, म्हणून शांतपणे पुन्हा सांगा.

पेशंट पुढं पाठवण्याबद्दल त्यांना टोचून बोलू नका. मात्र हे असंच चालू द्यावं, असंही मला वाटत नाही. रात्री-अपरात्री गाडी करून कोल्हापूर गाठायचं ओझं खेड्यातल्या गरीब माणसावर पडतं, आणि सर्जनचा आत्मविश्वासही परत येत नाही. त्यांच्या एखाद्या सर्जन मित्राला गाठा. पुढच्या काही ऑपरेशनला तो शेजारी उभा राहिला, तर उपदेशानं होणार नाही ते काम होईल.

चिकोडीत ज्यांच्या हाताखाली शिकलो, त्या सरांवर केस झालीय. काय बोलावं कळत नाही, म्हणून भेटायचं टाळतोय.

टाळू नका. त्यांना ते टाळणं दिसतं, आणि सगळ्यांनी आपल्याला दोषी ठरवलं असाच अर्थ ते काढतात. बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयात २००८ पासून डॉक्टरांनी डॉक्टरांना आधार देण्याची व्यवस्था उभी राहिली. प्रशिक्षण घेतलेला सहकारी तिथं आपणहून फोन करतो, कारण संकटातला डॉक्टर मदत मागत नाही. तुम्ही एवढंच म्हणा, "सर, संध्याकाळी येतो, चहा घेऊ."

"तुमची काहीच चूक नाही" असं म्हणू नका. ते तुम्हाला माहीत नाही, आणि त्यांना मनातून वेगळं वाटत असेल तर ते गप्प होतील. "हे लोक पैशासाठी करतात" हेही नको. त्या घरातलं माणूस गेलेलं आहे, आणि सरांनाही त्याचं दुःख असेल. नुसतं ऐका. केस वर्षानुवर्षं चालते. पहिल्या आठवड्यात सगळे येतात, मग कुणी फिरकत नाही. तुम्ही प्रत्येक तारखेच्या आदल्या दिवशी फोन करा.

मित्र म्हणतो, केसपेपरात राहिलेली नोंद आता भरून टाक. भरू का?

नाही. एक अक्षरही नको. मूळ कागद जपून ठेवा, प्रती वकिलांना द्या. असा सल्ला देणारा तुमच्या भल्याचा विचार करत असला, तरी तुम्हाला बुडवेल.

आमच्याकडे संमतिपत्र इंग्रजी किंवा कन्नडमध्ये असतं, पेशंट मराठी. तक्रारदाराचे वकील आता त्यावरच बोट ठेवतायत.

ठेवणारच. पेशंटला पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमतीच खरी, असं सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या समीरा कोहली निकालात स्पष्ट आहे. न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावरची सही अशा वेळी फारशी उपयोगी पडत नाही. चालू केसमध्ये आता काही बदलता येणार नाही, पण तालुक्यातल्या डॉक्टरांनी एकत्र बसून मराठी आणि कन्नड अशी दोन्ही संमतिपत्रं करून घ्यावीत. ज्यानं पेशंटला समजावून सांगितलं, त्याची सही आणि वेळही त्यावर असू द्या.