शेवटच्या टनाचा कार्बन

नाशिक

अनेक आशीर्वाद.

आपल्या मनमाडजवळ पानेवाडीच्या डेपोत मुंबईतल्या माहुलच्या रिफायनरीहून पाइपलाइनने जे डिझेल येतं, त्यात एप्रिल 2020 पासून गंधक 10 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 10 भाग) वर चालत नाही. ते काढायला हायड्रोजन लागतो, आणि रिफायनरीत क्रूड, म्हणजे कच्चं तेल, चढवण्याचं वेळापत्रक लावणाऱ्या तुझ्या मॉडेलची गाठ तिथेच आहे. क्रूडच्या दर टनाला तू उत्सर्जनाचा एकच सरासरी आकडा लावला आहेस, वाढीव शेवटच्या टनाचा नाही. मग कोणतं क्रूड कधी चढवायचं, हा निर्णय कार्बनच्या हिशेबात उमटतच नाही.

रिफॉर्मर, म्हणजे पेट्रोलचा ऑक्टेन वाढवणारं युनिट, पूर्ण लोडवर असतो तेव्हा हायड्रोजन पेट्रोलच्या जोडीने मिळतो. त्याचा लोड उतरला की तूट हायड्रोजन प्लांटने भरायची, आणि तिथे नैसर्गिक वायू वापरला तरी दर किलो हायड्रोजनमागे 9 ते 10 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणून रिफॉर्मरचं शटडाउन असलेल्या आठवड्यात जास्त गंधकाचं क्रूड लावणं महागात पडतं.

इंधनाचंही तेच. भट्टीत तेलाला तासाला 100 गीगाज्यूल उष्णता द्यायची आणि कार्यक्षमता 90 टक्के असेल, तर 111 गीगाज्यूल इंधन जळतं. नैसर्गिक वायू असेल तर 6.2 टन कार्बन डायऑक्साइड, फ्युएल ऑइल असेल तर 8.6 टन. पण रिफायनरीचा स्वतःचा वायू शिल्लक राहून फ्लेअरला (जादा वायू जाळून टाकणाऱ्या चिमणीला) जात असेल, तर त्या तासात भट्टीची उष्णता वाचवून उत्सर्जन जवळपास कमी होत नाही. वाचलेला वायू फ्लेअरवर जळतो. हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. त्यासाठी इंधन वायूचा ताळेबंद तासागणिक हवा, महिन्याचा नको.

एफसीसीचा (जड तेल उत्प्रेरकावर तोडणाऱ्या युनिटचा) कोक, म्हणजे उत्प्रेरकावर साचणारा कार्बन, विसरू नकोस. तो कुणी विकत घेत नाही, म्हणून इंधनाच्या खात्यात दिसत नाही. 100 टन फीडमागे 5 टन कोक धरला, तर तो जाळून उत्प्रेरक साफ करणाऱ्या रीजनरेटरमधून सुमारे 17 टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्याच उष्णतेवर तयार झालेल्या वाफेला पुन्हा बॉयलरचा उत्सर्जन-गुणांक (एकक इंधनामागचं उत्सर्जन) लावलास, तर दुहेरी मोजणी होईल.

क्रूड बदलताना काही तास माल ठरलेल्या दर्जाबाहेर जातो, स्लॉप (नापास मालाच्या) टाकीत पडतो आणि पुन्हा तापवावा लागतो. तेव्हा प्रत्येक बदलाला बायनरी चलाबरोबर (बदल झाला तर 1, नाहीतर 0) ठरावीक उत्सर्जन जोड, नाहीतर सॉल्व्हर, म्हणजे उत्तर शोधणारा प्रोग्राम, रोज क्रूड बदलत बसेल.

आणि गुणांक नेट उष्मांकावरचे की ग्रॉसवरचे (जळताना झालेल्या पाण्याच्या वाफेची उष्णता वगळून की धरून), ते आधी तपास. नैसर्गिक वायूत त्यानेच 10 टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. एका दिवसाचा वायूचा ताळेबंद मांडून पाठव, मग पुढचं बघू.