एखादं कुटुंब गरीब आहे हे सरकार ठरवतं कसं?

एकच व्याख्या नाही, देशागणिक मोजपट्टी बदलते. अमेरिकेची दारिद्र्यरेषा सरकारी अर्थतज्ज्ञ मॉली ऑर्शन्स्की यांनी १९६०च्या दशकात आखली: किमान आहाराचा खर्च गुणिले तीन, कारण तेव्हा कमाईचा साधारण तिसरा हिस्सा जेवणावर जाई. आज घरभाडं, औषधपाणी कुठल्या कुठे गेलंय, तरी पाया तोच. आकडा फक्त महागाईनुसार वाढवतात. (मला तरी हे अजबच वाटतं.)

युरोपीय संघ मध्यक उत्पन्नाच्या (सगळ्यांची उत्पन्नं चढत्या क्रमाने लावली की बरोबर मधे येतं ते) ६० टक्क्यांखाली असलेल्यांना गरिबीच्या जोखमीत धरतो. तिथे डोकी सरळ मोजत नाहीत. पहिला प्रौढ १, चौदा वर्षांपासून पुढचा प्रत्येक जण ०.५, त्याहून लहान मूल ०.३. म्हणजे आईबाप आणि दोन लहान मुलं असतील, तर घराचं उत्पन्न चारने नव्हे, २.१ने भागायचं.