वस्तीतलं मैदान ओस का पडतं? सगळ्या वयाच्या लोकांनी तिथे यावं म्हणून काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वस्तीत साधारण 30 मीटर लांब आणि 20 मीटर रुंद मोकळी जागा आहे. घसरगुंडी, झोपाळे, व्यायामाची यंत्रं बसवली. सुरुवातीला गर्दी झाली, मग सगळं ओस पडलं. आता लहानांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे यावेत यासाठी काय करायचं?

माझं मत स्पष्ट आहे. आणखी एकही यंत्र घेऊ नका, आधी बसायची सोय करा. लहान मूल मैदानात किती वेळ खेळणार हे त्याच्यासोबत आलेलं मोठं माणूस तिथे किती वेळ टिकतं यावर ठरतं. आई किंवा आजोबा उन्हात ताटकळत उभे असतील तर दहा मिनिटांत "चल आता घरी" सुरू होतं.

बाक कसा हवा तेही सांगतो. बैठक जमिनीपासून 45 सेंटीमीटर, मागे पाठ, आणि दोन्ही बाजूंना हात. हात महत्त्वाचे, कारण गुडघे दुखणारा माणूस त्यांवर जोर देऊनच उठतो. हात नसलेल्या, फार खोलगट बाकावर वयस्कर माणूस एकदा बसतो आणि पुन्हा तिकडे फिरकत नाही. जागा ठरवताना संध्याकाळी पाचला सावली कुठे पडते ते खडूने आखून घ्या. दुपारच्या सावलीचा इथे उपयोग नाही. दोन बाक एका रांगेत न ठेवता काटकोनात ठेवा, म्हणजे मान न वळवता गप्पा मारता येतात. शक्य असेल तर पाठीमागे भिंत किंवा झाडी असू द्या, आणि तोंड मुलांच्या खेळाकडे.

दुसरं काम चालायच्या वाटेचं. कडेने 1.8 मीटर रुंद वाट काढलीत तर दोन व्हीलचेअर समोरासमोरून जाऊ शकतात. एक फेरी साधारण 92 मीटरची होते, म्हणजे 11 फेऱ्यांचा एक किलोमीटर. वाटेत पायरी नको, आणि चढ 20 मीटरला 1 मीटरपेक्षा जास्त नको. गुळगुळीत फरशी अजिबात नको, कारण पहिल्या पावसातच कोणीतरी पडतं आणि पडल्याची बातमी चालणाऱ्यांपेक्षा लवकर पसरते. दर 25 मीटरवर रंगाने खूण करा. "आज दोन खुणा जास्त" हा हिशेब लोक आपोआप ठेवू लागतात.

किती चालायचं? जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशींनुसार मोठ्यांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम दमछाक होईल अशी हालचाल करावी. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तो वेग मध्यम समजा. पूर्वी एका वेळी किमान 10 मिनिटं सलग चालण्याची अट होती, ती आता राहिलेली नाही. घरी जाता जाता मारलेल्या चार फेऱ्याही हिशेबात धरा, आणि हे लोकांना मुद्दाम सांगा. अर्ध्या तासाच्या सत्तावीस फेऱ्या ऐकूनच अनेकजण घरी बसतात.

आता मुलांचा कोपरा. इथे सर्वात जास्त चुका होतात, आणि त्या बहुतेक जमिनीत होतात. झोपाळ्याखाली काँक्रीट, फरशी किंवा टणक माती असेल तर आधी तो झोपाळा बंद करा. गवतही चालत नाही, कारण पायांच्या घासण्याने ते जातं आणि खाली घट्ट जमीन उरते. वाळू 23 सेंटीमीटर खोल असेल तर साधारण 1.2 मीटर उंचीवरून पडणं झेलते. तेवढ्याच खोलीच्या लाकडी ढलप्या 3 मीटरपर्यंत झेलतात. झोपाळ्यासाठी पडण्याची उंची म्हणजे साखळी जिथे अडकवली आहे ती उंची, बैठकीची नव्हे. म्हणून 2 मीटर उंच झोपाळ्याखाली इतकी वाळू पुरत नाही, ढलप्या घ्या. भरताना 30 सेंटीमीटर भरा, कारण वापराने थर दबतो. खाली खडीचा थर आणि पाणी निघायला वाट नसेल तर डबकं साचतं आणि ढलप्या कुजतात.

जागेचा हिशेब असा. 2 मीटर उंच झोपाळ्याला पुढे 4 आणि मागे 4 मीटर मोकळे हवेत, चौकटीच्या दोन्ही बाजूंना 1.8 मीटर. चौकट 3 मीटर रुंद धरली तर 8 बाय 6.6 मीटर, आणि ढलप्या लागतात जवळजवळ 16 घनमीटर. एका चौकटीत दोनच झोपाळे. एवढी जागा आणि माल जमत नसेल तर झोपाळा न ठेवलेलाच बरा. कठडे आणि शिड्यांमधल्या फटी टेपने मोजा. 9 ते 23 सेंटीमीटरची फट धोक्याची, कारण मुलाचं अंग तिच्यातून पार होतं आणि डोकं अडकतं. मूल मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून येणं थांबवा. त्याचा बूट कडेला अडकला की मागून मोठ्या माणसाचं वजन येतं आणि पायाचं हाड मोडतं.

खेळायला मात्र फार महाग काही लागत नाही. आल्डो व्हॅन आयिक या वास्तुरचनाकाराने 1947 पासून ॲम्स्टरडॅममध्ये शेकडो मैदानं उभी केली. त्यांत असायचं काय? वाळूचा हौद, उड्या मारायचे ठोकळे, कोलांट्या मारायचे दांडे. हौदाचा काठ रुंद, त्यावर मुलं वाळूचे डोंगर रचतात आणि मोठी माणसं बसतात. तुम्हीही वाळू आणि पाण्याची सोय करा, आणि बादल्या, पुठ्ठ्याची खोकी आणि दीड मीटरपर्यंतच्या, तासलेल्या फळ्या एका झाकणाच्या पेटीत ठेवा. जुने टायर ठेवलेत तर त्यांना तळाशी भोकं पाडा, नाहीतर डास होतील. लहानांच्या पेटीत दोर नको. अशा सुट्या वस्तूंचा खेळ रोज नवा होतो, घसरगुंडी मात्र एकाच प्रकारे वापरता येते.

मोठ्या मुलींचा विचार स्वतंत्रपणे करा, नाहीतर त्या गुपचूप नाहीशा होतात. व्हिएन्ना शहराने 1990 च्या दशकात आपल्या बागा पाहिल्या तेव्हा नऊ-दहा वर्षांनंतर मुलींची संख्या घसरलेली दिसली. जाळीच्या एकाच मैदानात, एकाच दारातून आत जायचं, आणि आत मुलांचा फुटबॉल. शहराने दारं वाढवली, मैदानाचे भाग केले, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनला जागा दिली, आणि मुली परत आल्या. तुमच्याकडेही जाळी असेल तर दोन बाजूंनी उघडा, आणि जमिनीवर एका मोठ्या मैदानाऐवजी दोन लहान मैदानं आखा.

वयस्कांसाठी चालण्याइतकंच तोल सांभाळणं महत्त्वाचं आहे. 65 वर्षांपुढच्यांनी तोल आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस करावेत. त्यासाठी 90 सेंटीमीटर उंचीचा मजबूत दांडा आणि 15 सेंटीमीटरची एक पायरी एवढं पुरतं. दांडा धरून टाचा वर-खाली, एका पायासमोर दुसरा ठेवून उभं राहणं, पायरीवर चढ-उतार, बाकावरून हात न लावता उठणं. प्रत्येकी 8 ते 10 वेळा. व्यायामाच्या झुलत्या यंत्रांपेक्षा मी हे सुचवेन, कारण त्यांतल्या अनेकांचा भार बदलता येत नाही आणि पाय घसरला तर आधार नसतो. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबायचं. हृदयविकार असेल तर डॉक्टरांना आधी विचारायचं.

हे सगळं झालं तरी पहिले दोन महिने मैदान आपणहून भरणार नाही. सगळ्यांनी एकत्र जमायला आठवड्यातले दोन दिवस आणि एक वेळ ठरवा, 45 मिनिटं पुरेत. खेळाच्या पेटीची किल्ली दोघांकडे असू द्या. एकाकडेच असली की तो गावाला गेल्यावर खेळ बंद पडतो.

दर आठवड्याला साखळीच्या कड्या, नट-बोल्ट आणि झोपाळ्याखालची खोली तपासा. पायांनी ढलप्या बाजूला सरकतात, त्या फावड्याने परत ओढा. आणि बदल करण्याआधी एकदा, तीन महिन्यांनी पुन्हा, त्याच वारी त्याच वेळी 15 मिनिटं उभं राहून मोजा: लहान मुलं, किशोर, मोठे, वयस्क, स्त्रिया किती, पुरुष किती, बसलेले किती, चालणारे किती, धावणारे किती. ज्या रकान्यात शून्य दिसेल त्या वयाच्या चार जणांना गाठा आणि "का येत नाही?" हे त्यांनाच विचारा. पुढचा खर्च त्यांच्या उत्तरावर करा.