१९७५ ची एमजीबी वळणावर फार झुकते, सस्पेन्शनचं किट घेऊ का?

तुम्ही लिहिलंय की १९७५ ची उघडी, रबर बंपरची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार नुकतीच घेतलीत, राउंडअबाउटवर ती होडीसारखी कलते, आणि चारही चाकांना टेलिस्कोपिक (नळीसारखे) शॉक अ‍ॅब्सॉर्बर व आखूड स्प्रिंगा असं अख्खं किट घालायचा विचार आहे. मी इथे इंग्लंडमध्ये गेली अकरा वर्षं १९७२ ची एमजीबी जीटी (बंद छताची) सांभाळतोय, तिचं पुढचं सस्पेन्शन दोनदा स्वतः उतरवलंय. म्हणून कळकळीने सांगतो, किट आत्ता मागवू नका.

तुमच्या गाडीचं झुकणं बरंचसं मूळ गाडीतच आहे. अमेरिकेतल्या बंपरच्या नियमांपायी १९७४ मध्ये एमजीबी साधारण दीड इंच उंच झाली, आणि त्याच वेळी उघड्या गाडीचा पुढचा अँटी-रोल बार (कलणं रोखणारी आडवी दांडी) कंपनीने काढून टाकला. गाडी उंच झाली आणि तिला सावरणारी दांडीही गेली. लोकांनी तक्रारी केल्या, तेव्हा १९७६ मध्ये अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्याने पुढे जाड बार दिला आणि मागेही एक बसवला. तेव्हा आधी गाडीखाली वाकून बघा. पुढच्या दोन्ही खालच्या आर्मना (चाक धरणाऱ्या भुजांना) जोडणारी दांडी नसेल, तर पैसे तिथे घाला. जुन्या आर्मवर लिंक (बार आर्मला जोडणारा तुकडा) बसवायची सोय आहे का, तेही त्याच वेळी बघून घ्या.

पण बारच्याही आधी एक रविवार तपासणीला द्या. पुढचं चाक जॅकवर उचला, वर आणि खाली हात धरून हलवा. खटखट लागली तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले (ढिलेपणा) गेला तर बेअरिंग ढिलं, राहिला तर किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खुंटी) झिजलेली. किंगपिनचा जीव ग्रीसमध्ये असतो, दर ३००० मैलांनी ते द्यावंच लागतं. मी पहिल्या वर्षी गाडी जमिनीवर असतानाच ग्रीस मारायचो आणि झालं काम समजायचो. एकदा चाक उचलून गन लावली, तर आधी काळा, वाळूसारखा करकरीत गाळ बाहेर आला आणि मग कुठे स्वच्छ ग्रीस दिसलं. त्या दिवसानंतर स्टिअरिंग इतकं हलकं झालं, की बायकोने न सांगता ओळखलं. चाक उचलल्याशिवाय ग्रीस भार घेणाऱ्या जागी पोचतच नाही.

दुसरं म्हणजे लीव्हर आर्म शॉक, या गाडीचे मूळचे, तेलाने भरलेले. ‘जुनाट’ म्हणून त्यांना सगळे नावं ठेवतात, पण पुढचा लीव्हर हाच वरचा विशबोन, म्हणजे चाक धरणारा वरचा आर्म आहे. तो काढून टेलिस्कोपिक लावायचा तर वरचा आर्म दुसरा द्यावा लागतो, काम तिथेच वाढतं. गाडीचा कोपरा दाबून सोडा. वर येऊन थांबली तर शॉक ठीक आहे, डोलत राहिली तर तेल बघा. झाकण उघडण्याआधी भोवतीची माती नीट पुसा, कण आत गेला की व्हॉल्व्ह बिघडलाच. शाफ्टमधून तेल गळत असेल तर वरून भरत बसू नका, चांगल्या कारागिराकडून दुरुस्त केलेली जोडी घ्या. मागे टेलिस्कोपिक लावणारे पुष्कळ आहेत, पण खडबडीत गावरस्त्यावर अशी गाडी मला उगाच कडक वाटली.

बुशबद्दल, म्हणजे आर्मच्या सांध्यातल्या रबरी अस्तराबद्दल, माझं मत पक्कं आहे. खालच्या आर्मच्या आतल्या टोकाला एमजीबीच्याच व्ही८ इंजिनाच्या मॉडेलचे बुश घाला, धातूच्या कवचात रबर असलेले. किंमत थोडी, फरक मोठा. पॉलियुरेथेनचे कडक बुश शर्यतीला ठीक, रोजच्या रस्त्यावर हादरे आणि किरकिर दोन्ही आणतात. मात्र एक चूक करू नका, जी मी केली. गाडी स्टँडवर असताना मी सगळे बोल्ट पूर्ण आवळले. गाडी खाली येताच रबराला कायमचा पीळ बसला आणि वर्षभरात दोन बुश फाटले. बोल्ट आधी हलके लावा, गाडी चाकांवर उतरवा, एक-दोनदा दाबून बसू द्या, आणि मगच पूर्ण आवळा.

टायरवर चार आकडी तारीख असते, आठवडा आणि वर्ष. टायर दहा वर्षांचे असतील तर बाकी काहीही करण्याआधी ते बदला.

एवढं झालं की महिनाभर चालवा. उंची तरीही खटकली तर स्प्रिंगांचं बोलू. पुढचा क्रॉसमेंबर (पुढचं सस्पेन्शन ज्याला जोडलेलं असतं तो आडवा भाग) तुमच्या गाडीत वेगळा आहे, त्यामुळे तो हिशोब माझ्या गाडीवरून सांगता येणार नाही. खालच्या आर्मचा एक फोटो टाका, बारची सोय आहे की नाही ते बघून सांगतो.