वाचकांचे प्रश्न : बटाट्याची खळ, गाजराचा रवा

प्रश्न : बाळाला सहा महिने पूर्ण झालेत. मिक्सरमध्ये बटाटा फिरवला की खळीसारखा चिकट होतो, आणि गाजर कितीही फिरवलं तरी रवाळच राहतं. काय चुकतंय?

उत्तर : बटाटा मिक्सरला लावूच नका. पात्यांनी त्याच्या पेशी फुटतात, आतला स्टार्च बाहेर येतो आणि खरोखरच खळ तयार होते. मऊ उकडा, सोला आणि गरम असतानाच चमच्याच्या पाठीने बारीक गाळणीतून दाबून काढा.

गाजराचं दुखणं उलटं : ते कच्चं राहतंय. सेंटीमीटरभर जाडीच्या चकत्या १५ ते २० मिनिटं वाफवा. चकती दोन बोटांत धरली की जोर न लावता चेपली पाहिजे. मग पाणी एकेक चमचा घालत वाटा. एकदम ओतलं तर तुकडे पात्याभोवती नुसते गरगरतात.

चमचा तिरका केला तरी प्युरी घरंगळू नये, इतकी दाट हवी. आईचं दूध मिसळायचं तर अगदी भरवताना. त्यातल्या विकरामुळे (एन्झाइममुळे) स्टार्च विघटित होतो आणि बटाटा बघता बघता पातळ होतो. (बिघडला असं समजू नका.)

मीठ-साखर नको. मध तर वर्षाच्या आत अजिबात नाही, बोट्युलिझमचा (जिवाणूंच्या विषामुळे होणाऱ्या गंभीर आजाराचा) धोका असतो. उरलेली प्युरी लगेच थंड करून फ्रिजमध्ये २ दिवस, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून महिनाभर. भरवण्यापुरती वेगळ्या वाटीत घ्या. उष्टा चमचा लागलेली मात्र टाकून द्या.