एलायझा परत का येते?

प्रश्न : रविवारी घरी सगळ्यांनी मिळून 'माय फेअर लेडी' बघितला. मजा आली पण शेवट बघून माझी बारावीतली मुलगी चिडलीच. एवढं भांडून, सुनावून गेलेली फुलवाली एलायझा परत येते आणि तिला शुद्ध बोलायला शिकवणारा तो प्रोफेसर हिगिन्स हॅट डोळ्यांवर ओढून विचारतो, माझ्या सपाता कुठायत? मुलगी म्हणते हे कसलं प्रेम! मूळ नाटकात पण असंच आहे का हो? (एक वाचक, सांगली)

उत्तर : अजिबात नाही. तुमच्या मुलीला सांगा की मूळ नाटक लिहिणारा खुद्द बर्नार्ड शॉ तिच्या बाजूने आहे, आणि याच एका गोष्टीसाठी तो माणूस वर्षानुवर्षं भांडत होता.

मूळ नाटक 'पिग्मॅलियन', लंडनला १९१४ मध्ये आलं. छापील नाटकाच्या शेवटी हिगिन्स सवयीप्रमाणे ऑर्डर सोडतो, हॅम आण, चीज आण, आठ नंबरचे हातमोजे आण, टाय आण, आणि ती सरळ म्हणते तुमचं तुम्ही आणा, आणि निघून जाते. बास. पण हिगिन्सचं काम करणारे हर्बर्ट बीअरबोम ट्री यांना ते काही पचेना, मग ते पडदा पडताना एलायझाकडे फुलं टाकायला लागले, म्हणजे लोक घरी जाताना समजणार की आता यांचं जमलं! शॉ भडकला. १९१६ च्या पुस्तकात त्याने मागे लांबलचक मजकूरच जोडला, की एलायझा हिगिन्सशी नाही तर तिच्यावर भाळलेल्या साध्या फ्रेडीशी लग्न करते आणि दोघं मिळून फुलांचं दुकान काढतात. तरी १९३८ मध्ये या नाटकावर सिनेमा निघाला तेव्हा शेवट बदललाच, एलायझा परत आली आणि सपातांचं ते वाक्य आलं. गंमत बघा, त्याच सिनेमाच्या पटकथेसाठी शॉला ऑस्कर मिळालं. तोच शेवट पुढे १९५६ च्या 'माय फेअर लेडी' या ब्रॉडवे म्युझिकलमध्ये, म्हणजे गाण्यांच्या नाटकात, गेला आणि तिथून तुम्ही बघितलेल्या १९६४ च्या सिनेमात.

आता त्या सपाता. नाटकाच्या चौथ्या अंकात एलायझाला मोठ्या घरची बाई म्हणून खपवायची पैज पार्टीत जिंकून सगळे रात्री घरी येतात, हिगिन्स सपाता शोधतो, एलायझा काही न बोलता उठते, त्या आणून त्याच्यासमोर ठेवते, आणि त्याचं तिच्याकडे लक्षसुद्धा जात नाही, जणू सपाता आपल्या आपणच चालत आल्या. थोड्या वेळाने ती त्याच सपाता त्याच्या अंगावर फेकते. मला विचाराल तर अख्ख्या नाटकाचा जीव त्या फेकण्यात आहे. म्हणून शेवटी परत सपाताच मागितल्या की पोरीला राग येणारच, आणि तो बरोबर आहे. मला स्वतःला त्या सीनमधलं त्याच्या आधीचं फार आवडतं, तो एकटा बसून तिचा रेकॉर्ड केलेला आवाज ऐकतोय, ती हळूच येऊन मशीन बंद करते आणि आपल्या जुन्या गावठी बोलीत म्हणते, मी हात-तोंड धुऊन आलेय. तिथेच थांबायला हवं होतं.

प्रश्न : सिनेमात एलायझा झालेल्या ऑड्री हेपबर्नने गाणी स्वतः म्हटलीत का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : बहुतेक सगळा गाण्याचा आवाज मार्नी निक्सन यांचा आहे. ब्रॉडवेवर एलायझा करणाऱ्या ज्युली अँड्र्यूजना सिनेमात घेतलं नाही, पण त्या वर्षीचं अभिनेत्रीचं ऑस्कर त्यांनाच मिळालं, 'मेरी पॉपिन्स'साठी.

प्रश्न : पुलंचं 'ती फुलराणी' शॉवरून घेतलंय की या म्युझिकलवरून? (एक वाचक, पुणे)

उत्तर : घेतलं शॉवरून, पण मला त्यात दोन्हीचा वास येतो. पुलंची एलायझा म्हणजे मंजुळा, तिचं 'तुला शिकवीन चांगलाच धडा' हे स्वगत घ्या. शॉच्या नाटकात असं स्वगत नाहीच, पण म्युझिकलमध्ये तशाच जागी एलायझाचं 'थांब, बघून घेते तुला' अशा अर्थाचं गाणं आहे. पुलंनी त्याचं जे केलंय ते मात्र पूर्ण मराठी, आणि १९७५ मध्ये भक्ती बर्वेंनी ते असं उभं केलं की अजून मराठी घरात पोरी आरशासमोर म्हणतात, मी पण म्हटलंय. मुळात ही गोष्ट मराठीत एवढी रुजली कारण ती आपल्याकडे रोज घडते. लंडनमध्ये 'ह' खाल्ला की माणसाची जात कळते, आपल्याकडे 'पाणी'चं 'पानी' झालं की समोरच्याचा चेहरा बदलतो. शाळेत ज्याला यावरून हसलेत त्याला हे नाटक समजावून सांगावं लागत नाही. २०२३ मध्ये सुबोध भावे आणि प्रियदर्शिनी इंदलकर यांचा 'फुलराणी' सिनेमाही आला. पण आधी नाटक वाचा, आणि मोठ्याने वाचा, मनातल्या मनात वाचलं तर मंजुळाचे उच्चार ऐकूच येणार नाहीत.