दागिने सापडले म्हणजे खूनही त्यानेच केला का?

प्रश्न: माझ्या मावसभावाला सेशन कोर्टाने २०२१ च्या केसमध्ये रात्रीची घरफोडी आणि खून दोन्हीत दोषी धरून जन्मठेप दिलीय. त्याला तिथे कोणीच बघितलेलं नाही, काही आठवड्यांनी त्याच्याकडून दागिने जप्त झाले एवढंच. निकालाला दीड महिना होत आला. वकील म्हणतात अपिलात शिक्षा कमी होते का बघू. काय करावं?

उत्तर: आधी तारीख बघा, बाकी सगळं नंतर. हायकोर्टात अपिलाची मुदत निकालापासून ६० दिवस, निकालाची सर्टिफाइड कॉपी मिळायला लागलेले दिवस त्यातून वगळतात. उशीर माफ होऊ शकतो पण त्यावर विसंबून राहू नका. आरोपीला निकालाची कॉपी फुकट मिळते, आणि तो आत असेल तर जेल अधिकाऱ्यांमार्फतही अपील पाठवता येतं. वकील परवडत नसेल तर विधी सेवा समितीकडे अर्ज करा, कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट लागत नाही.

आता ते "शिक्षा कमी". २०२१ ची केस म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं खुनाचं कलम ३०२, त्याला फाशी किंवा जन्मठेप, तिसरं काही नाहीच, मग ३०२ कायम राहिलं तर कोर्ट कमी काय करणार? त्यामुळे खुनाच्या दोषसिद्धीवरच घाव घालायला हवा, नुसती दयायाचना करून उपयोग नाही.

आणि तुमच्या केसमध्ये तिथे जागा दिसते. चोरीनंतर लगेच माल सापडला आणि त्याचा खुलासा देता आला नाही तर हा चोर किंवा चोरीचा माल घेणारा असं कोर्ट गृहीत धरू शकतं, पण तेवढ्यावरून थेट खुनी ठरवता येत नाही, सुप्रीम कोर्टाने सन्वत खान केसमध्ये १९५२ लाच हे सांगितलंय. शिवाय काही आठवडे म्हणजे "लगेच" का, हाही मुद्दा आहेच. मात्र रक्ताचे डाग, मृत व्यक्तीसोबत तो शेवटचा दिसणं असं काही रेकॉर्डवर असेल तर चित्र पालटतं, म्हणून जप्तीचा पंचनामा आणि पंचांची उलटतपासणी स्वतः वाचून घ्या, वकिलांनी वाचलीय का तेही विचारा (खरंच विचारा).

अपिलासोबतच शिक्षा स्थगिती आणि जामिनाचा अर्ज टाका. जन्मठेपेत तो सहज मिळत नाही, सरकारी वकिलांचं म्हणणंही घेतलं जातं. पण खून सुटून फक्त घरफोडी उरली तर आत काढलेला काळ त्या शिक्षेत वजा होतो, तेव्हा अटकेची तारीख अर्जात ठळक लिहा.